परशुरामाचा बाण आणि खाडीकाठची मुलगी: दंतकथा कुमारांसाठी नव्याने लिहिताना

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवता आणि तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहिताय. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, ही आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असलेली कथा तुम्ही मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका मुलीच्या नजरेतून सांगताय. सगळ्यांना जमीन मिळाली, पण तिच्या गावाचा समुद्र गेला. कल्पना ज्याला सांगाल त्याला आवडते. पण निम्मं लेखन वाचून एकाने सांगितलं की परशुराम खलनायक झालाय, लोकांच्या भावना दुखावतील. दुसरा म्हणाला, नावं बदला. आणि तुमची स्वतःची तक्रार अशी की बाण सुटल्यानंतर गोष्ट पुढे सरकत नाही, रेटावी लागते. शिवाय, मूळ कथेची खरी आवृत्ती कोणती, हेही तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीत राहते आणि बरीच वर्षं कुमारांच्या पुस्तकांचं संपादन करतेय. पुराणकथा नव्याने सांगणारी हस्तलिखितं माझ्याकडे सतत येतात, आणि त्यातली बहुतेक तुमची अडली तिथेच अडतात. माझ्या मते तुमच्या तिन्ही अडचणी एकाच ठिकाणाहून निघाल्यात. तुम्ही कथेतली बाजू बदललीत, पण कथेला नवा प्रश्न दिला नाहीत. पूर्वी परशुराम चांगला होता, आता तो वाईट झाला, एवढाच फरक पडला. वाचणाऱ्या मुलाला हे दहाव्या पानावर समजतं. मग उरलेल्या दीडशे पानांत त्याने काय शोधायचं? बाण सुटल्यावर तुमच्या नायिकेला रागावण्याखेरीज काही काम उरत नाही, म्हणून गोष्ट रेटावी लागते. भावना दुखावण्याची भीतीही तिथूनच येते, कारण दोष देऊन झाल्यावर पुस्तक गप्प बसतं.

आधी आवृत्तीचा प्रश्न हातावेगळा करते, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या, म्हणजे बाणानंतरच्या भागाची किल्ली आहे असं मला वाटतं. एकच खरी आवृत्ती अशी नाहीच. महाभारतात, शांतिपर्वात, परशुराम जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान देऊन टाकतो. मग कश्यप त्याला सांगतो, ही भूमी आता माझी, तू इथे राहायचं नाहीस, दक्षिण समुद्राकडे जा. तिथे समुद्र त्याच्यासाठी शूर्पारक देश तयार करतो. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, हे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे बाण मारल्याचं सांगितलेलं नाही, जागा समुद्रच करून देतो. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, रघूची सेना सह्याद्रीच्या पायथ्याने जाते, तेव्हा रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्राने मागे हटवलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा दिसतो, असं वर्णन आहे. कवीने कथा सांगितलेली नाही, नुसता उल्लेख करून तो पुढे गेलाय, म्हणजे ऐकणाऱ्यांना ती तेव्हाही ठाऊक होती. स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात ती कोकणाशी घट्ट बांधलेली सापडते. केरळात परशुराम बाण मारत नाही, परशू फेकतो. गोव्यात बाण बाणावलीला पडला म्हणतात. आपल्याकडे चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळापाशी उभं राहून खाली वाशिष्ठीची वळणं दाखवत म्हातारी माणसं कथा सांगतात, तीही एक आवृत्तीच.

तेव्हा यातली कुठलीही घ्या, पण एक घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. आणि घटना मोडू नका. तुमच्या पुस्तकात बाण सुटलाच पाहिजे आणि समुद्र हटलाच पाहिजे. काही लेखक नवेपणासाठी शेवटी घटनाच फिरवतात, बाण चुकतो किंवा तो सगळा एखाद्या राजाने पसरवलेला बनाव निघतो. असं केलं की मुलांना फसवल्यासारखं वाटतं. कथा त्यांना आधीच माहीत आहे हे तुमचं भांडवल आहे. बाण सुटणार हे वाचकाला ठाऊक आहे आणि नायिकेला नाही, या एका गोष्टीवर पहिली साठ पानं सहज चालतात.

आता शांतिपर्वातल्या त्या प्रसंगाकडे पुन्हा बघा. ज्याने सगळी पृथ्वी जिंकली, त्याला पाठ टेकायला जागा नाही. दिलेल्या दानावर राहता येत नाही, म्हणून तो समुद्राशी येऊन उभा राहिलाय. आणि तुमची नायिका? बाणानंतर तिचीही गत तीच. एकाची जमीन गेली, दुसरीचं पाणी गेलं. दोघांनाही राहायला जागा हवी आहे, आणि जागा एकच आहे. हा प्रश्न मला खलनायकापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. यात परशुरामाचं काही लपवावं लागत नाही आणि मुलीचं नुकसानही कमी करावं लागत नाही.

दुसरा भाग कसा चालेल, ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं सगळं तिथे अडलंय. समुद्र हटला म्हणजे नक्की काय झालं, याचा विचार तुमच्या हस्तलिखितात एका परिच्छेदात उरकलाय. तो दिवसागणिक करा. तुम्ही खाडीकाठी राहता, सुकतीच्या वेळी खाडी कशी दिसते ते तुम्हाला मी सांगायला नको. चिखलात कलंडलेली होडी, तिवरांची वर आलेली मुळं, खडकाला चिकटलेली कालवं, बिळाच्या तोंडाशी थबकलेली कुर्ली. हे दृश्य रोज दोनदा दिसतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण पाणी परत येणार हे माहीत असतं. तुमच्या नायिकेला भरतीचा हिशेब पाठ असणारच. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असली तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. तुमच्या कथेच्या काळात घड्याळ नाही, पण अष्टमीला सूर्य कुठे आला की पाणी होडीला लागतं, हे तिला कळतंच.

तर बाण सुटताना दाखवूच नका. तो डोंगरावर सुटतो, ती खाली खाडीत आहे. तिला एवढंच दिसतं की आज पाणी वेळेवर आलं नाही. बाप म्हणतो, येईल. अंधार पडतो, होडी तशीच कलंडलेली. आजी उठून किनाऱ्यावर जाते आणि परत येऊन काही बोलत नाही. मला हे प्रकरण तुमच्याकडून वाचायचं आहे. आत्ता तिथे आकाश फाटतं, लाटा गर्जतात, पृथ्वी थरथरते, आणि ते सगळं कुठल्याही पुस्तकात चालेल असं आहे. भरतीचा चुकलेला हिशेब मात्र खाडीकाठच्या मुलीलाच सुचेल.

पुढचे दोन-तीन दिवस गावाला सणासारखे वाटू द्या. मागे राहिलेल्या डबक्यांत मासळी अडकलेली आहे, जाळं लागत नाही, पोरंसुद्धा हातांनी गोळा करताहेत. एरवी रात्रभर खपून जे मिळायचं नाही ते टोपल्या भरभरून घरात येतंय. नुकसान पहिल्यांदा सुबत्तेचं रूप घेऊन येतं, हे मुलांना फार लवकर भिडतं. मग डबकी आटतात. कालवं तोंड उघडतात, वास सुटतो, घारी आणि कावळे जमतात. चिखल वाळून भेगा पडतात आणि भेगांच्या कडांवर मिठाचा पांढरा थर येतो. तेव्हा कुठे गावाच्या लक्षात येतं.

आणि आता कथेला वळण द्या: ही नवी जमीन खारी आहे. तिथे काहीच उगवत नाही. ज्याच्यासाठी समुद्र हटला त्यालाही तिच्यातून घास मिळत नाही. हे मी मनाने रचत नाही, आपल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींत, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सोसलंय. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आतलं पाणी सोडायचं, पावसाने मीठ धुऊन जायची वाट बघायची, आणि मग मिठाला टिकणारं भात लावायचं. रायगडातलं राता भात त्यासाठीच ओळखलं जातं. बांधाला खांड पडली आणि उधाणाचं पाणी शेतात शिरलं, की पुढची काही वर्षं पीक हाताला लागत नाही. तुमच्या तालुक्यात खारभूमीची शेती असलेल्या एखाद्या गावात दोन दिवस राहून या, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बांधाबद्दल विचारा. परशुरामाने एका बाणात केलं म्हणतात ते काम ही माणसं फावड्याने, हातभर-हातभर करत आलीत, आणि बांधाच्या आत गेलेल्या चिंबोऱ्या नि मासळी गमावण्याचा हिशेबही त्यांना ठाऊक असतो.

म्हणजे दुसऱ्या भागात नायिकेकडे काम आलं. खारं पाणी, भरती, चिखल, तिवर यांचं ज्ञान तिच्या माणसांकडे आहे, त्या नव्या रहिवाशाकडे नाही. ती ते त्याला देईल का? दिलं तर समुद्र गेला तो कायमचा गेला हे मान्य केल्यासारखं होईल. नाही दिलं तर ती आणि तो दोघंही उपाशी. गावात यावरून दोन तट पडतील, तिचा सख्खा भाऊ पलीकडच्या तटात असेल. चौदा वर्षांच्या मुलीला हा निर्णय स्वतः घ्यावा लागला की कादंबरी आपल्या पायांवर चालू लागते. शेवट काय करायचा ते मी सांगणार नाही, तो तुमचा आहे. पण समुद्र परत आणून तिचं दुःख पुसू नका.

आता परशुरामाच्या बाजूने. तुम्ही त्याला रागीट आणि उंचापुरा एवढंच ठेवलंय. महाभारताच्या वनपर्वातली त्याच्या आईची, रेणुकेची, कथा पुन्हा वाचा. त्याचा बाप जमदग्नी रागाने मुलांना आईला मारायची आज्ञा करतो. रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु हे चौघे थोरले भाऊ ती पाळत नाहीत आणि बापाच्या शापाने जडमूढ होतात. धाकटा राम, म्हणजेच परशुराम, आज्ञा पाळतो. बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा तो मागतो: आई उठावी, आपला वध झाल्याचं तिला आठवू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत. मुलांपुढे मी हा भाग वाचून दाखवते तेव्हा वर्गातला प्रश्न ठरलेला असतो: तिला आठवत नाही, पण त्याला आठवतं का? यावर महाभारत काही सांगत नाही. नव्याने लिहिणाऱ्याची जागा अशा ठिकाणीच असते. सांगितलेलं खोटं ठरवायचं नाही, न सांगितलेल्यात शिरायचं.

तेरा ते सोळा या वयात घरात मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायचं की नाही हा प्रश्न रोजचा असतो. शाखा कुठली घ्यायची, मुलीने किती वाजता घरी यायचं, कुणाशी बोलायचं नाही. ज्याने बापाचं ऐकलं त्याला जग ओळखतं, ज्यांनी ऐकलं नाही त्या चौघांची नावंही कुणाला माहीत नसतात, आणि ऐकणाऱ्याला त्याची किंमत कळलेली आहे. असा माणूस खाडीकाठी त्या मुलीसमोर बसलाय आणि ती तिच्या बापाचं ऐकावं की नाही या पेचात आहे. हा संवाद तुम्ही लिहिलात तर तो मुलांच्या लक्षात राहील. चिपळूणच्या परशुरामाच्या देवळामागे रेणुकेचं देऊळ आहे, ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथे एकदा या संवादाचा विचार करत बसा.

भावना दुखावण्याबद्दल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करते. कुठला प्रकाशक, कुठलं वर्ष, पुस्तक कुणाच्या हातात पडतं, यावर तुमचा ताबा नाही. परशुराम आज पुजला जाणारा देव आहे, अक्षय्य तृतीयेला त्याची जयंती होते, हे लक्षात ठेवून लिहायचं. पण नाव बदलू नका. नाव बदललं तर कथेची ओळख जाते आणि ज्याला रागवायचं तो तरीही ओळखून रागावतोच. मी लेखकांना एवढंच सांगते, की आरोप असेल तर तो पात्राच्या तोंडी द्या, निवेदनातून देऊ नका. जिचा समुद्र गेला तिने देवाला बोल लावणं भक्तालाही समजतं. आपल्या ओव्यांत आणि अभंगांत देवाला जाब विचारणं काही नवं नाही. तोच आरोप निवेदकाने केला की तो लेखकाचा निकाल होतो.

जातीच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक आहे. सह्याद्रिखंडात कोणता समाज कशातून निर्माण झाला याच्या कथा आहेत आणि त्यावरून आजवर भरपूर वाद झालेत. त्या कथा तुमच्या पुस्तकात आणू नका. एका ओळीत येऊन जाण्याइतक्या त्या हलक्या नाहीत, आणि तुमच्या कथेला त्यांची गरजही नाही. नायिकेला ‘कोळी’ हे आजचं नाव देण्याचीही घाई करू नका. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे खारवी आहेत, गाबीत आहेत, भोई आहेत, दालदी मुसलमान आहेत. एका समाजाचं नाव घेतलंत की बाकीच्यांची मुलं पुस्तकातून बाहेर पडतात. तिचं काम, तिची होडी, तिचं खाणं नेमकं लिहा. मग प्रत्येक खाडीतल्या मुलीला ती आपली वाटेल.

‘हे खरं घडलं का’ असं मुलं विचारणारच, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला अनुभव असेल. सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि शेवटच्या हिमयुगात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. बर्फ वितळला तसा समुद्र आत आला. म्हणजे विज्ञानाची कथा दंतकथेच्या उलटी आहे: समुद्र हटला नाही, जमिनीवर आला. ही माहिती कादंबरीच्या मध्ये शिकवू नका, शेवटी एका पानाची टीप द्या. पण नायिकेच्या आजीच्या तोंडी एक जुनी गोष्ट घालता येईल, की फार पूर्वी आपली माणसं तिकडे, आता पाणी आहे तिथे राहत होती आणि समुद्राने ते गाव घेतलं. मग समुद्र हटल्यावर गावात कुणीतरी म्हणेल, हे तर आपलंच परत मिळालंय. दोन तटांपैकी एकाला असा चांगला आधार मिळतो. आणि शाळेची सहल उक्षी किंवा कशेळीच्या कातळशिल्पांना नेलीत, तर या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फार जुन्या काळी माणसं राहून प्राण्यांची चित्रं कोरत होती, हे मुलं डोळ्यांनी बघतील. ‘बाणाच्या आधी इथे कोण होतं’ हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न त्यांना तिथे आपोआप पडेल. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत.

बोलीबद्दल थोडक्यात. संवादांत बोली जरूर ठेवा, पण तुमच्या खाडीची ठेवा. तुम्ही काही ठिकाणी ‘खंय’ आणि ‘कित्याक’ वापरलंय, ते मालवणकडचं, दाभोळच्या खाडीत ते कानाला खटकतं. निवेदन साधं प्रमाण मराठीत राहू दे, म्हणजे विदर्भातल्या मुलालाही वाचता येईल. ‘सुकती’, ‘भांग’, ‘उधाण’ असे शब्द मात्र अर्थ न सांगता वापरा, प्रसंगातून ते कळतात. आणि लांबी आवरा. या वयासाठी तीस-पस्तीस हजार शब्द पुरेसे आहेत. तुमची सुरुवातीची वंशावळ आणि क्षत्रियांशी झालेली युद्धं पूर्ण काढलीत तरी कादंबरीचं काही बिघडणार नाही.

आता काय करायचं ते. हस्तलिखित लगेच कुणाला पाठवू नका. आधी भरती न येण्याचं प्रकरण नव्याने लिहा आणि नववीच्या वर्गात वाचून दाखवा. स्वतः वाचा, मुलांना वाचायला देऊ नका, आणि लेखक कोण ते सांगू नका. कुठे चुळबुळ सुरू होते तिथे कागदावर खूण करत जा. वाचून झाल्यावर ‘आवडलं का’ विचारू नका, मुलं सरांना हो म्हणतात. ‘पुढे तिने काय करावं’ एवढंच विचारा. वर्गात त्यावरून दोन तट पडले तर दुसरा भाग लिहायला घ्या. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर तिचा पेच अजून पुरेसा अवघड झालेला नाही. मग आधी भावाचं पात्र वाढवा, त्याच्या बाजूला खरोखर पटतील अशी कारणं द्या, आणि तेच प्रकरण दुसऱ्या तुकडीत वाचा.